‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणजे नेमके काय झाले? क्लाउडमधला राउटर, त्याची डिस्क आणि तुमचे अडलेले काम

रेशन दुकानात तुम्ही मशीनवर अंगठा ठेवता, पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि दुकानदार सांगतो, "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." किंवा सेवा केंद्रात अर्जाची चार पाने भरून होतात, शेवटचे बटण दाबले की पान कोरे पडते. दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि अर्ज गेला की नाही, हेही कळत नाही.

‘सर्व्हर डाउन’ हे एका बिघाडाचे नाव नाही. गावात रेंज नसेल, मशीनची बॅटरी उतरली असेल, केबल तुटली असेल, आधारची पडताळणी अडकली असेल किंवा दुकानात धान्यच आले नसेल, तरी हेच दोन शब्द ऐकू येतात. या लेखात त्यांपैकी एका खऱ्या बिघाडाची माहिती दिली आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, हळूहळू वाढतो आणि नेमका गर्दीच्या दिवशी उघडा पडतो. क्लाउडमधल्या व्हर्च्युअल राउटरची डिस्क भरणे, हा तो बिघाड. तुम्हाला घाई असेल तर थेट ‘अशा वेळी तुम्ही काय करावे’ हा भाग वाचा. बाकीचे नंतर वाचले तरी चालेल.

क्लाउड म्हणजे कुठे?

क्लाउड आभाळात नसतो. तो इमारतीत असतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, मोठी डेटा सेंटर दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. पूर्वी एखाद्या खात्याला ऑनलाइन योजना चालवायची असेल तर स्वतःचा सर्व्हर विकत घ्यावा लागे, त्यासाठी खोली, वातानुकूलन आणि माणूस ठेवावा लागे. केंद्र सरकारच्या ‘मेघराज’ उपक्रमाखाली २०१४ साली नॅशनल क्लाउड सुरू झाला, तेव्हापासून अनेक खाती सामाईक यंत्रणेवर जागा घेऊन काम करू लागली. एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वापरायचा, अशी ही रचना आहे. या भागांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

आता अशी दहा-वीस मशीन एका योजनेसाठी काम करत असतील, तर बाहेरून आलेली विनंती कोणत्या मशीनकडे पाठवायची, कोणाला आत सोडायचे आणि कोणाला दारातच थांबवायचे, हे ठरवायला कोणीतरी लागते. हे काम व्हर्च्युअल राउटर करतो. तोही सॉफ्टवेअरने बनवलेला एक छोटा संगणकच असतो. कोश उघडला तर याला ‘आभासी मार्गक’ असा शब्द तयार करता येतो. मसुद्यात मी तो लिहूनही पाहिला होता. घरी वाचून दाखवला तेव्हा आईने विचारले, "हा कुठल्या योजनेचा लाभार्थी?" म्हणून इथे राउटर हाच शब्द ठेवला आहे.

सरकारी कार्यालयातले आवक-जावक टेबल तुम्ही पाहिले असेल. आलेला प्रत्येक कागद आधी तिथे जातो, त्यावर क्रमांक पडतो, नोंदवहीत ओळ लिहिली जाते आणि मग कागद आतल्या टेबलाकडे जातो. राउटर हे क्लाउडमधले आवक-जावक टेबल आहे. नव्या मशीनला पत्ता देणे, नावावरून पत्ता शोधून देणे, नको त्याला अडवणे आणि आलेले काम सगळ्या मशीनमध्ये सारखे वाटणे ही त्याची मुख्य कामे. हे सगळे करताना तो प्रत्येक गोष्टीची नोंद लिहीत जातो. या नोंदींना लॉग म्हणतात.

टेबल लहान, वह्या फार

राउटरला मुद्दाम लहान ठेवलेले असते. प्रत्येक खात्याच्या प्रत्येक नेटवर्कला एक राउटर लागतो, त्यामुळे त्याला मोठी डिस्क देणे परवडत नाही. साध्या स्मार्टफोनमध्येही आज ६४ जीबी जागा असते. राउटरची डिस्क बहुतेक वेळा काही मोजक्या जीबींचीच असते. राउटरचा कार्यक्रम बसवल्यावर उरलेल्या जागेत नोंदी साठत जातात.

फोनमध्ये व्हॉट्सॲपवरचे ‘शुभ सकाळ’चे फोटो साठून ‘स्टोरेज फुल’ असा संदेश येतो, तसेच इथे होते. फरक एवढाच की फोन तुमच्या हातात असतो आणि संदेश तुम्हाला दिसतो. राउटरच्या पडद्यासमोर कोणीही बसलेले नसते.

डिस्क भरली म्हणून राउटर लगेच बंद पडत नाही, आणि हीच यातली फसवी गोष्ट आहे. आलेली विनंती ठरलेल्या मशीनकडे पाठवण्याचे काम डिस्कवर नाही तर मेमरीत चालते. त्यामुळे जुने मार्ग चालू राहतात, लोकांचे अर्ज जात राहतात आणि वरवर सगळे ठीक दिसते. बंद पडते ते नवीन काही लिहिण्याचे काम. नव्या मशीनला पत्ता दिल्याची नोंद फाइलमध्ये लिहावी लागते. कामाच्या वाटपात नवे मशीन घ्यायचे तर वाटपाची यादी नव्याने लिहावी लागते. डिस्कवर जागा नसेल तर यातले काहीच होत नाही.

आता एखाद्या योजनेच्या शेवटच्या तारखेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून गर्दी वाढते. सांभाळणारे अभियंते आणखी चार मशीन जोडायला जातात. ती मशीन पत्ता मागतात. टेबलावरच्या माणसाच्या वहीत जागा नसते, म्हणून तो पत्ता देत नाही. चारही मशीन आत येऊन उभी राहतात, पण एकही कामाला लागत नाही आणि जुन्या मशीनवर सगळा भार पडून तीही रेंगाळू लागतात. राउटरची डिस्क कदाचित पंधरा दिवसांपूर्वीच भरलेली असते. कळते मात्र त्या दिवशी. ‘शेवटच्या दिवशीच कसे बंद पडते?’ असा राग तुम्हाला येत असेल तर तो गैर नाही. शेवटच्या दिवशी गर्दी जास्त असते हे एक कारण आहेच. पण आधीपासून दडलेला दोष त्याच दिवशी बाहेर येतो, हेही दुसरे कारण असू शकते.

नजर कशी ठेवतात

नजर ठेवणे म्हणजे ठरावीक वेळाने राउटरला विचारणे, ‘तुझ्याकडे किती जागा उरली?’ हे माणसाने नव्हे, यंत्रणेने विचारायचे असते. कोणत्या डेटा सेंटरमध्ये कोणते सॉफ्टवेअर आहे ते वेगवेगळे असते, म्हणून इथे सर्वांना खुले असलेल्या अपाचे क्लाउडस्टॅक या सॉफ्टवेअरचे उदाहरण घेऊ. त्याच्या २०२० साली आलेल्या ४.१४ या आवृत्तीपासून राउटरची प्रकृती तपासण्याची सोय आहे. साध्या तपासण्या दर ३ मिनिटांनी आणि सखोल तपासण्या दर १० मिनिटांनी होतात. डिस्कवरची मोकळी जागा १०० एमबीच्या खाली गेली की तपासणी नापास समजली जाते. हे आकडे सुरुवातीला ठरवून दिलेले असतात. सांभाळणाऱ्याला ते बदलता येतात.

बदलावेतही, असे माझे मत. १०० एमबी हा आकडा शांत दिवसासाठी पुरेसा असेल, गर्दीच्या दिवशी तो फार उशिराचा इशारा ठरतो. समजा, राउटरवर १,००० एमबी जागा उरली आहे. रोज ५० एमबी नोंदी साठत असतील तर ती २० दिवस पुरेल. पण शेवटच्या तारखेला तासाला ४०० एमबी नोंदी पडू लागल्या तर तीच जागा अडीच तासांत संपेल. सकाळी दहाला सगळे ठीक आणि दुपारी साडेबाराला बंद! म्हणून चांगले अभियंते उरलेल्या जागेबरोबर ती संपण्याचा वेगही पाहतात. घरातल्या पाण्याच्या टाकीचे आपण तेच करतो. टाकी किती भरली आहे एवढेच पाहत नाही, नळ किती चालू आहेत तेही पाहतो.

दोन गोष्टींत अनुभवी माणूसही फसतो. पहिली अशी की डिस्कवर जागा दिसते, पण लिहिता येत नाही. प्रत्येक फाइलसाठी डिस्कवर एक क्रमांक राखून ठेवलेला असतो आणि असे क्रमांक मर्यादित असतात. लाखो बारीक फाइली साठल्या तर जागा शिल्लक असूनही क्रमांक संपतात. त्यामुळे जागा आणि क्रमांक दोन्हींवर नजर हवी. दुसरी अशी की डिस्क भरली म्हणून कोणीतरी मोठी लॉग फाइल पुसून टाकतो, तरी जागा मोकळी होत नाही. जो कार्यक्रम त्या फाइलमध्ये लिहीत होता त्याने ती अजून धरून ठेवलेली असते. तो कार्यक्रम पुन्हा सुरू होईपर्यंत पुसलेली फाइलही जागा अडवून बसते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे नोंदवही ठरावीक वेळाने बदलणे. चालू वही बंद करायची, दाबून लहान करायची, नवी सुरू करायची आणि फार जुनी काढून टाकायची. लिनक्सवर हे काम आपोआप होण्याची सोय असते. मात्र ती रोज एकदाच चालत असेल आणि वही तीन तासांतच भरत असेल, तर सोय असून उपयोग नाही.

शेवटचा उपाय म्हणजे राउटर बदलणे. तो मोडून त्याच्या जागी कोरा राउटर उभा करता येतो, आणि मुख्य यंत्रणा त्याला सगळे नियम पुन्हा शिकवते. एकच राउटर असेल तर तेवढी मिनिटे सगळी सेवा बंद राहते. दोन राउटरची जोडी असेल तर एक काम करतो तोवर दुसरा बदलता येतो.

नोंदी पुसल्या तर चालतात का?

नाही, आणि यातच सगळी अडचण आहे. सायबर सुरक्षेची राष्ट्रीय संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या संस्था, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवायच्या आहेत, त्याही भारताच्या अधिकारक्षेत्रात. कोणी यंत्रणेत शिरून गैरव्यवहार केला, कोणाच्या नावावर भलत्यानेच लाभ उचलला, तर माग काढायला याच नोंदी लागतात. तुमच्या नावावरचे धान्य दुसऱ्याने उचलल्याची तक्रार तुम्ही कधी केली, तर तुमच्या बाजूने असा पुरावा उपयोगी पडू शकतो.

म्हणजे डिस्क लहान, पण नोंदी सहा महिने हव्यात. यातून मार्ग एकच. नोंदी राउटरवर साठवायच्याच नाहीत. लिहिल्या जातील तशा वेगळ्या, मोठ्या लॉग सर्व्हरकडे पाठवायच्या. कार्यालयातल्या भरलेल्या नोंदवह्या अभिलेख कक्षात जातात, तसे. राउटर बदलावा लागला तर त्याच्यावरच्या नोंदी त्याच्याबरोबर जातात, म्हणूनही त्या आधीच बाहेर पोचलेल्या असणे आवश्यक आहे.

राउटरच्या नोंदीत काय असते, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याकडे किती वाजता विनंती गेली, ती सोडली की अडवली, अशा स्वरूपाची माहिती तिथे असते. तुम्ही भरलेला अर्ज राउटर वाचत नाही. सुरक्षित संकेतस्थळावरची माहिती कुलूपबंद स्वरूपात जाते. राउटर पाकीट पुढे पाठवतो, उघडत नाही.

अशा वेळी तुम्ही काय करावे

अर्ज करताना पान बंद पडले तर सर्वात आधी अर्ज क्रमांक मिळाला का, ते पाहा. क्रमांक मिळाला असेल तर तुमचा अर्ज डेटाबेसमध्ये पोचला आहे. डेटाबेस वेगळ्या मशीनवर, वेगळ्या डिस्कवर असतो. राउटरची डिस्क भरली म्हणून तो अर्ज पुसला जात नाही. क्रमांक मिळाला नसेल तर अर्ज गेला असे धरू नका. लगेच पुन्हा भरण्याआधी ‘अर्जाची स्थिती’ तपासा, नाहीतर एकाच नावाचे दोन अर्ज होऊन छाननीत अडकतात. पडद्यावरचा संदेश, तारीख आणि वेळ दिसेल असा फोटो फोनवर काढून ठेवा. शेवटच्या तारखेला असे झाले तर तुमच्या तक्रारीला आधार म्हणून दाखवायला तोच फोटो कामी येतो.

रेशनच्या बाबतीत तुमचा हक्क अधिक स्पष्ट आहे. केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना कळवले आहे की नेटवर्क नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्या कारणावरून पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये. अशा वेळी रेशनकार्ड आणि आधार कार्ड पाहून धान्य द्यावे आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी. त्यामुळे ‘उद्या या’ असे उत्तर मिळाले तर दुकानदाराशी भांडण न करता ‘अपवाद नोंदवहीत नोंद घेऊन धान्य द्या’ अशी मागणी करा. दुकानदारही बऱ्याचदा त्याच मशीनपुढे तुमच्याइतकाच अडलेला असतो. तरीही धान्य मिळाले नाही, तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

तुम्ही बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला बेळगाव भागात गेला असाल किंवा जळगावहून सुरतेला कामाला असाल, तर ‘एक देश एक रेशनकार्ड’ या सोयीने तिथल्या दुकानातही तुमचे धान्य मिळते. तुमच्या कार्डाची माहिती एका राज्यात आणि दुकान दुसऱ्या राज्यात, म्हणून हा व्यवहार एकापेक्षा अधिक यंत्रणांमधून जातो. वाटेत जितक्या यंत्रणा, तितक्या अडकायच्या जागा! शेजारच्या स्थानिक माणसाचा अंगठा लागला आणि तुमचा नाही, असे यामुळे होऊ शकते. तो तुमच्या कार्डातला दोष असेलच असे नाही. या सोयीसाठीचा स्वतंत्र क्रमांक १४४४५ आहे. कार्डधारकाने धान्य मिळाले नसल्याची तक्रार राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि पुढे राज्य अन्न आयोगाकडेही करता येते.

पैशांच्या बाबतीत घाई नको. योजनेचे पैसे अंगठा लावून काढताना खात्यातून वजा झाले आणि हातात रोख आली नाही, असे झाले तर त्याच मशीनवर लगेच दुसऱ्यांदा अंगठा लावू नका. मशीनमधून निघालेली पावती मागा, ती ‘अयशस्वी’ असली तरी मागा. पासबुक भरून घ्या आणि बँकेत लेखी तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार आधारआधारित व्यवहारात अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत मिळायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ही भरपाई मिळते हे अनेकांना ठाऊक नसते, आणि खिडकीवर कोणी स्वतःहून सांगेलच असे नाही.

पेन्शनधारकांसाठी एक घरचा अनुभव. आजोबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात एका बँकेच्या शाखेत मी तीन खेपा घातल्या. तिन्ही वेळा उत्तर तेच, सर्व्हर. तिसऱ्या खेपेला रांगेतल्या एका बाईंनी सांगितले की दाखला घरबसल्या फोनवर चेहरा दाखवूनही निघतो. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप लागतात आणि खिडकीत उजेड चांगला लागतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. ८० वर्षांवरील केंद्रीय पेन्शनधारकांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि ऑक्टोबरात यंत्रणेवर भारही कमी असतो.

काही प्रश्न

*सर्व्हर खरेच बंद आहे की नुसते सांगतात, हे मला कसे कळेल?*
तुमच्या किंवा सोबतच्या कोणाच्या फोनवर तेच संकेतस्थळ उघडून पाहा. तिथे उघडले तर अडचण केंद्राच्या इंटरनेटची किंवा मशीनची असू शकते. दुसऱ्या गावातल्या दुकानात कोणाला फोन करून विचारणे हा त्याहूनही सोपा मार्ग.

*रात्री अर्ज लवकर का भरला जातो?*
भार कमी असतो म्हणून. मात्र देखभालीची कामेही बहुतेक वेळा रात्रीच करतात. मुख्यपानावर तशी सूचना आहे का, ते आधी पाहा.

*यंत्रणा बंद होती म्हणून मुदत वाढते का?*
आपोआप वाढत नाही. संबंधित खात्याने आदेश काढला तरच वाढते. त्यासाठी तुमच्याकडच्या फोटोसह केंद्र सरकारच्या पीजी पोर्टलवर किंवा राज्याच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. ‘सर्व्हर बंद होता’ एवढेच न लिहिता तारीख, वेळ, केंद्राचे नाव आणि पडद्यावरचा संदेश लिहा. वेळ नेमकी दिली तर अभियंत्याला १८० दिवसांच्या नोंदींमधून ते मिनिट शोधता येते.

*मला कोणाला फोन करायचा?*
रेशनसाठी १९६७, दुसऱ्या राज्यातील रेशनसाठी १४४४५, आधारसाठी १९४७ आणि पीएम-किसानसाठी १५५२६१. फोन करताना रेशनकार्ड किंवा नोंदणी क्रमांक जवळ ठेवा. आधार क्रमांक विचारला तर सांगायला हरकत नाही, पण फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका.